फुटवा

काचेच्या कपाटात चिनी मातीच्या भांड्यांचे काही तुकडे मांडून ठेवले होते. पांढऱ्यावर निळी नक्षी, कडा समुद्राने घासून बोथट झालेल्या. बाबा बाजूचा फलक वाचत होते. इंग्रजी ते ओळीखाली बोट धरून, सावकाश वाचतात. बोट एका जागी थांबलं आणि त्यांनी मला हाक मारली. "अगं, इकडे ये. इथे बॉम्बे लिहिलंय."

आम्ही कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो काउंटीत होतो. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी गोष्ट. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला पॅसिफिकच्या काठाने पसरलेला हा मोठा, डोंगराळ मुलूख, आणि २०२०च्या जनगणनेत माणसं जेमतेम ९१ हजार. आपल्याकडे एखाद्या तालुक्यात याहून जास्त वस्ती असते. आमच्या घरापासून चार तासांवर असूनही दहा वर्षांत आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि महिनाभरातच मॉल, मंदिर, पार्क असं सगळं करून कंटाळले. एका रात्री जेवताना म्हणाले, "तुमच्याकडे जंगल नाही का गं?"

बाबांची रत्नागिरी जिल्ह्यात लाकडाची वखार होती. पन्नासेक वर्षं त्यांनी ओंडके मापले, फळ्या पाडून घेतल्या, आंब्याच्या पेट्यांसाठी रायवळ लाकूड पुरवलं. आता वखार बंद आहे. पण अजूनही कुठल्याही घरात गेले की ते आधी दाराच्या चौकटीवरून हात फिरवतात. त्यांना जंगल बघायचं आहे म्हटल्यावर ऑक्टोबरातले चार दिवस काढले आणि निघालो.

फलक होता पॉइंट कॅब्रिओच्या दीपगृहाजवळच्या छोट्या संग्रहालयात. दीपगृह १९०९ सालचं. गाडी वर लावून अर्धा मैल उतरत चालावं लागतं. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, समोर समुद्र. बाबा मध्येमध्ये थांबत होते, पण मागे फिरू म्हणाले नाहीत.

गोष्ट अशी. १८४४ साली अमेरिकेत बाल्टिमोरला 'फ्रॉलिक' नावाचं एक वेगवान शिडाचं जहाज बांधलं गेलं, अफू वाहण्यासाठी. माळव्यात पिकलेली अफू मुंबईला यायची, तिथून चीनला जायची, आणि 'फ्रॉलिक' ते काम करायचं. १८४०च्या दशकाच्या शेवटी या धंद्यात आगबोटी उतरल्या आणि शिडाच्या जहाजांचा नफा आटला. तोवर कॅलिफोर्नियात सोनं सापडलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोत खिसे भरलेली माणसं होती आणि विकत घ्यायला माल नव्हता. मालकांनी 'फ्रॉलिक'मध्ये चिनी मातीची भांडी, रेशमी कापड, बिअरच्या बाटल्या असं काय काय भरलं आणि ते पॅसिफिकपार धाडलं. २५ जुलै १८५०च्या रात्री ते या दीपगृहाच्या किंचित उत्तरेला खडकावर आपटलं. तेव्हा अर्थात इथे दीपगृह नव्हतं.

पुढच्या वर्षी हेन्री मेग्ज नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याने फुटलेल्या जहाजातला माल गोळा करायला जेरोम फोर्ड नावाचा माणूस पाठवला. फोर्डला माल मिळाला नाही. इथल्या मूळ रहिवाशांनी, पोमो लोकांनी, तो आधीच नेला होता. पण येता-जाता फोर्डने झाडं पाहिली. नदीच्या मुखापासून डोंगरापर्यंत रेडवुडची झाडं, आणि तिकडे सॅन फ्रान्सिस्को वारंवार जळत होतं आणि पुन्हा बांधलं जात होतं. १८५२ साली बिग रिव्हरच्या मुखाशी लाकडाची गिरणी सुरू झाली. तिच्या भोवती मेंडोसिनो गाव वसलं. पाठोपाठ किनाऱ्यावर जिथे जिथे जहाज कसंबसं टेकेल अशी खाच सापडली, तिथे तिथे गिरणी उभी राहिली. या खाचांना ते लोक 'डॉगहोल' म्हणत, कुत्र्याला कसंबसं वळता येईल एवढी जागा म्हणून. कड्यावरून घसरगुंड्या आणि तारा सोडून फळ्या खाली जहाजात उतरवत.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपली अफू वाहणारं जहाज बुडलं, म्हणून हे जंगल तुटलं."

मी म्हटलं, ते नसतं बुडलं तरी कुणीतरी आलंच असतं, बाबा. सोनं सापडलं होतं.

"आलंच असतं. पण आलं ते हे."

त्यांचा हा हट्ट मला पटला. मुंबईत वाढलेल्या कुणालाही पटावा. अफूच्या त्याच पैशावर आपलं शहरही उभं राहिलं. जमशेटजी जीजीभॉय हे त्या व्यापारातलं सर्वांत मोठं नाव. त्यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. बाबा अकरा वर्षांचे असताना आंब्यावरून पडले, तेव्हा आजोबांनी त्यांना बोटीने भाऊच्या धक्क्यावर आणि तिथून जे. जे.ला नेलं होतं. तो पाय तिथे सांधला गेला, आणि त्याच पायाने ते आत्ता हा अर्धा मैल उतरून आले होते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

संग्रहालयापलीकडे, उत्तरेला, 'फ्रॉलिक' जिथे आपटलं ती किनाऱ्यातली छोटी खाच आहे. वाळू नाहीच, काळे खडक आणि त्यांच्यामध्ये वरखाली होणारं हिरवट पाणी. कोकणात समुद्र आपल्या पायाशी येतो, इथे आपण कड्यावर आणि तो खाली. पाणी इतकं थंड की उन्हाळ्यातही बुडी मारणारे जाड रबरी पोशाख घालतात. पाठ फिरवून उभं राहू नका, अचानक मोठी लाट येते, अशा सूचना जागोजागी. बाबा म्हणाले, "हा समुद्र ओळखीचा वाटत नाही." मावळताना मात्र सूर्य रत्नागिरीसारखाच पाण्यात गेला. पश्चिम किनारा तो पश्चिम किनारा.

'फ्रॉलिक'च्या मालाचं पुढे काय झालं, त्याचा पत्ता १९८४ साली लागला. किनाऱ्यापासून आत, डोंगरात, पोमो लोकांच्या एका जुन्या वस्तीचं उत्खनन चाललं होतं. तिथे चिनी मातीचे तुकडे सापडले. काही तुकडे घासून मणी केलेले, आणि बाटलीच्या हिरव्या काचेची बाणांची टोकं. ती टोकं पाहून मला आत काहीतरी हललं. एक जग फुटून किनाऱ्याला लागतं, आणि दुसऱ्या जगातली माणसं त्यातून गळ्यातली माळ करतात. या माणसांना पुढे काय मिळालं? १८५६ साली सरकारने किनाऱ्यालगत त्यांच्यासाठी राखीव जमीन आखली, पुढच्या वर्षी तिच्यावर नजर ठेवायला फोर्ट ब्रॅग नावाचं लष्करी ठाणं आलं, आणि दहा-बारा वर्षांत ती राखीव जमीन मोडून विक्रीला निघाली. माणसांना डोंगरापलीकडच्या राउंड व्हॅलीत हाकललं. आज फोर्ट ब्रॅग हे किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं गाव आहे. ज्या ब्रॅगचं नाव गावाला आहे तो पुढे यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या बाजूचा सेनापती झाला. नाव बदलावं की नाही यावरून गावात वाद आहे. मला विचाराल तर बदलावं.

पण मी उलट्या क्रमाने सांगतेय. पहिला दिवस राहिलाच.

किनाऱ्याकडे जाणारा १२८ नंबरचा रस्ता अँडरसन व्हॅलीतून जातो. द्राक्षांचे मळे, सफरचंदाच्या बागा, आणि बूनव्हिल नावाचं एक खेडं. या खेड्याची स्वतःची बोली होती, बूंटलिंग. बाहेरच्याला कळू नये म्हणून घडवलेली. कॉफीच्या पेल्याला ते 'हॉर्न ऑफ झीज' म्हणत. आता ती बोलणारे फारसे उरलेले नाहीत. बाबांना हे ऐकून आठवलं की लाकडाच्या लिलावात व्यापारी एकमेकांचा हात रुमालाखाली धरून बोटांनी भाव करायचे. त्यांनी गाडीतच माझ्या हातावर मला ती बोटं दाखवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढे फिलोजवळ हेंडी वुड्स. गिरणी आणि लोखंडाचा कारखाना असलेल्या जोशुआ हेंडी नावाच्या माणसाने ही राई तोडायची नाही असं ठरवून मागे ठेवली, नंतर ती राज्य उद्यान झाली. मुख्य तुकडा ८० एकरांचा. वाट सपाट आहे. आत शिरताच आवाज कमी होतो. जमिनीवर पानांचा जाड थर, त्यावर नेचे आणि तीन पानी आंबुशीसारखी रेडवुड सॉरेल. आणि ती झाडं. बाबांनी मान वर केली, टोपी पडली, तरी शेंडा दिसेना. या काउंटीत ११० मीटरहून उंच झाडं आहेत. पस्तीसेक मजल्यांची इमारत म्हटलं तरी डोळ्यांसमोर येत नाही, कारण इमारतीच्या पायथ्याशी कुणी असं गप्प उभं राहत नाही.

बाबांनी एका खोडावर तळहात ठेवला. साल काथ्यासारखी, मऊ, वीतभर जाड. या सालीत राळ जवळपास नसते आणि टॅनिन भरपूर असतं, त्यामुळे आग आतपर्यंत सहज पोचत नाही. अनेक खोडं बुडाशी जळून काळी पडलेली, एकाच्या पोटात तर माणूस उभा राहील अशी खोली झालेली, आणि वर झाड हिरवं. "देवराई आहे ही," बाबा म्हणाले, आणि चपला काढू का असं विचारलं. मी म्हटलं, बाबा, बूट आहेत, गारठा आहे. त्यांनी बूट काढले नाहीत, पण हात जोडले.

पाऊस इथे मुख्यतः हिवाळ्यात पडतो. उन्हाळा कोरडा. मग एवढी झाडं जगतात कशी, हा बाबांचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला. समुद्रावरून धुकं चढत आलं आणि रस्ता कोरडा असताना झाडांखाली पाऊस पडायला लागला. सुया धुकं गाळून घेतात, थेंब खाली पडतात. वर्षभराच्या पाण्यातला मोठा वाटा रेडवुडला असा धुक्यातून मिळतो. थंड समुद्राशिवाय हे धुकं नाही, आणि धुक्याशिवाय ही झाडं नाहीत. बाबांनी ओला हात चेहऱ्यावरून फिरवला. "समुद्रच शिंपतोय म्हण ना."

मेंडोसिनो गावात आम्ही एक दुपार घालवली. गाव सुंदर आहे. लाकडी पाण्याचे मनोरे, उतरत्या छपरांची पांढरी घरं, कारण गिरणीची पहिली माणसं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून आली होती. आल्बियन स्ट्रीटवर लाल रंगाचं इवलंसं, क्वान ताई या चिनी देवाचं मंदिर आहे, चिनी मजुरांनी बांधलेलं. बाबा तिथे मुख्य रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांपेक्षा जास्त वेळ रेंगाळले.

फोर्ट ब्रॅगची गोष्ट वेगळी. तिथली गिरणी १८८५ ते २००२ चालली आणि इतकी वर्षं गावाला स्वतःचा समुद्र दिसत नव्हता, मध्ये गिरणीचं कुंपण होतं. आता कड्यावरून चालायची वाट केली आहे. तिच्या उत्तर टोकाला ग्लास बीच. १९०६ पासून १९६७ पर्यंत गावाने सगळा कचरा कड्यावरून समुद्रात ढकलला: बाटल्या, भांडी, जुन्या गाड्यासुद्धा. लोखंड काढून नेलं, बाकीचं कुजलं, काच उरली, आणि लाटांनी ती घासून गोटे केले. पांढरे, हिरवे, तपकिरी, क्वचित एखादा निळा. लोक उचलून नेतात म्हणून दरवर्षी कमी होतायत. राज्य उद्यानातून काच नेणं निषिद्ध आहे. बाबांनी एक हिरवा गोटा उचलला, उन्हात धरला आणि होता तिथेच ठेवला.

नोयो बंदरात त्यांना मासे बघायचे होते. सी लायन भुंकत होते, जेटीवर जाळी वाळत होती, पण मोठी धामधूम नव्हती. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी कॅलिफोर्नियात सॅमनची व्यावसायिक मासेमारी बंद ठेवली गेली. नद्यांत मासा फारच कमी उरला होता. लाल अबॅलोनी, हा इथला तळहाताएवढा, किंवा त्याहूनही मोठा शिंपला, बुडी मारून काढायची परवानगी २०१८ पासून बंद आहे. त्यामागे एक साखळी आहे. २०१३च्या सुमारास तारामाशांना रोग लागला आणि ते विरघळल्यासारखे मेले. पाठोपाठ समुद्र दोन-तीन वर्षं तापलेला राहिला. तारामासे ज्यांना खात ते जांभळे, काटेरी सी अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प खाऊन टाकलं. केल्प म्हणजे पाण्याखालचं जंगल, तळापासून पृष्ठभागापर्यंत उभं वाढणारं शेवाळ. उत्तर कॅलिफोर्नियात त्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग गेला, आणि त्यावर जगणारा अबॅलोनी उपाशी मेला. आता पाणबुडे बुड्या मारून हाताने अर्चिन वेचतात, की कुठेतरी एखादा तुकडा पुन्हा उगवावा.

जेटीवरच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला मी बाबांचे प्रश्न विचारत होते. त्याने हाताने पाण्याकडे दाखवलं आणि सांगितलं की पूर्वी इथून बाहेर पडताना केल्प पंख्यात अडकायचं आणि आम्ही त्याला शिव्या घालायचो. बाबांना याचं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान हलवली. आंबा घाटाच्या पायथ्याशी एके काळी ट्रक जंगलात शिरला की टपावर फांद्या घासायच्या, ड्रायव्हर वैतागायचा, हे ते आम्हाला नेहमी सांगतात. त्या दिवशी नाही सांगितलं.

व्हॅन डॅम उद्यानातलं खुजं जंगल मात्र त्यांच्या घरचं निघालं. समुद्रापासून वर जिन्यासारख्या पायऱ्या आहेत, प्रत्येक वरची पायरी खालचीहून सुमारे एक लाख वर्षं जुनी. जमीन वर उचलली जाते आणि समुद्र नवी पायरी कोरतो. वरच्या सपाट पायऱ्यांवर लाखो वर्षांच्या पावसाने मातीतलं सगळं सत्त्व धुऊन खाली नेलं, आणि लोह खाली साचून सिमेंटसारखा थर झाला. मुळं खाली जात नाहीत, पाणी झिरपत नाही. म्हणून शंभर वर्षांचं सायप्रसचं झाड बाबांच्या कमरेएवढं. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून फिरताना ते म्हणाले, "हा सडा आहे गं. आपला सडा." रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यावर करवंदीची जाळी अशीच जमीन धरून राहते. कारण तंतोतंत एक नाही, पण लोहाचा दगड पायाखाली असणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

परतताना आम्ही २० नंबरच्या रस्त्याने विलिट्सकडे निघालो. हा रस्ता सरकारी जंगलातून जातो. हे जंगल तोडून पुन्हा उगवलेलं आहे. रस्त्यालगत जागोजागी जुने बुडखे आहेत, दोन पुरुष उंच, काळे, शेवाळलेले. प्रत्येकाला जमिनीपासून दीड-दोन मीटरवर दोन खाचा, डोळ्यांसारख्या. मला वाटलं झाड चिरताना पडल्या असतील. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. खाचेत बोटं घातली. "यात फळी ठोकायची. फळीवर दोघं उभे. बुडाशी खोड फुगतं, लाकडाच्या शिरा वाकड्या जातात, म्हणून वरून कापायचं. मधे आडवी करवत, दोघं दोन टोकांना." त्यांनी हवेत ओढून दाखवलं. "एक झाड पाडायला दिवस जात असतील. किती दिवस रे बाबा." हे कुणाला उद्देशून होतं कळलं नाही.

आणखी आत दहा-बारा झाडं वर्तुळात उभी होती. कंपासने आखल्यासारखी. मध्ये रिकामी जागा, पानांचा थर. रेडवुड तोडलं की बुडख्याभोवतीच्या मुळांतून फुटवे येतात. बुडखा कुजून जातो आणि फुटव्यांची झाडं होतात. बाबांना हे समजावण्याची गरज नव्हती. आईन-किंजळीला असेच फुटवे येतात, आणि ते राखायचे की नाहीत यावर गावात किती भांडणं होतात हे त्यांनी पाहिलंय. ते वर्तुळाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मग पावलांनी घेर मोजला. खिशातून डायरी काढली, आणि वखारीत करायचे तसा हिशेब केला. मधल्या उंचीला गोलाई धरली चोवीस फूट. तिचा चौथा हिस्सा सहा. सहाचा वर्ग छत्तीस, गुणिले लांबी दोनशे फूट. ७,२०० घनफूट. "वीस ट्रक," ते म्हणाले. "एका झाडाचे." त्यांच्या डायरीत प्रत्येक मापापुढे दराचा रकाना असतो. त्यात त्यांनी काही लिहिलं नाही, डायरी मिटून ठेवली.

"वखारीत मी किती काढलं असेल, कधी बेरीज केली नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, बाबा, लोकांची घरं झाली त्यातून. ते म्हणाले, "झाली. माझंही झालं. तू इथे आलीस." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. धुकं निवळत होतं आणि 'जे' नावाचा एक निळा पक्षी कर्कश ओरडत होता.

त्यांनी मला फोटो काढायला सांगितला. त्या रिकाम्या जागी, भोवती ती झाडं घेऊन. मोबाइलला रेंज नव्हती. विलिट्सला पोचल्यावर फोटो गेला, गावाकडे, त्यांच्या जुन्या करवत्याला, ज्याने तीस वर्षं त्यांच्या वखारीत काम केलं. आमच्याकडे संध्याकाळचे पाच, तिकडे पहाटेचे साडेपाच. तो उठलेला होता. पाच मिनिटांत त्याचा आवाजी मेसेज आला, मागे कोंबडा आरवत होता. "भाऊ, मोठं झाड दाखवतो म्हणालात. ह्यात मोठं झाड कुठं हाय?"

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला, बटण दाबलं.

"मी उभा आहे ना रे, तिथे."